हरणीच्या घरातला गारवा

निरुपमा चिटणीस हिचे आजोबा संस्थानच्या बांधकाम खात्यात होते. विटा-चुन्याचं वेड घरात आलं असेल, तर तिथूनच. ती स्वतः बडोद्याच्या एका कॉलेजात स्थापत्य शिकवायची आणि एकच गोष्ट सिद्ध करायला निघाली होती: घर नीट बांधलं, तर वैशाखातही ते यंत्राशिवाय गार राहतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं, बाजारात जिकडेतिकडे एसी दिसू लागले होते. ती वर्गात म्हणायची, "वीज म्हणजे शेवटी कोळसाच. गारवा आपल्या खोलीत, धूर दुसऱ्याच्या गावात."

बडोद्यातल्याच हरणी भागात ओळखीच्या सुभाष शिर्क्यांनी घर बांधायला काढलं, तेव्हा छत तिच्या हवाली केलं. तिने स्लॅबवर उपडी मडकी मांडून वर चुना आणि फुटक्या पांढऱ्या टाइलांचा थर दिला. मडक्यांत कोंडलेली हवा ऊन खाली उतरू देणार नाही, असा तिचा हिशोब. मग दर उन्हाळ्यात तापमापक घेऊन ती दुपारची तिथे जाई. सकाळी आधी फोन करी. न सांगता कुणाच्या दारात जाऊ नये, ही घरची शिकवण.

आकडे असे सुरेख आले, की त्यांवर तिला डॉक्टरेट मिळाली. सुभानपुऱ्याच्या पलीकडे गरिबांसाठी व्हायच्या सरकारी घरांना तेच छत घालायचं ठरत आलं. सोमवारी शेवटची बैठक होती.

शनिवारी दुपारी एका पाहुण्याला विमानतळावर सोडून परतताना ती सहज शिर्क्यांकडे वळली. फोन न करता.

दार उघडलं आणि भट्टीची झळ यावी तशी झळ तोंडावर आली. ती उंबऱ्यातच थबकली.

"अगं बाई!" सुभाषरावांच्या पत्नी इंदिराबाईंनी कपाळावर हात मारला. "फोन तरी करायचा, निरुपमाताई! आज पाणीच नाही मारलं."

"कुठे?"

"गच्चीवर. तुमचा फोन आला की मी लगेच बादल्या ओतायला लागते ना. मग फरशी ओल्या फडक्याने पुसते, खिडक्यांना ओल्या चादरी. तुम्ही यायच्या आत सगळं काढून, वाळवून ठेवते."

"दर वेळी?"

"दर वेळी म्हणजे काय, पहिल्यापासून! पाहुण्याला का घामात बसवायचं?"

आतून सुभाषराव हसत म्हणाले, "ताईंच्या छताखाली ताईंनाच उकडलं तर आमची काय शोभा? आणि आकडा बघून तुमचा चेहरा असा खुलायचा, की ही चार दिवस तेच सांगत बसायची."

निरुपमा खाली बसली. तिने पर्समध्ये कायम असलेला तापमापक काढला. बाहेरच्यापेक्षा जेमतेम दोन अंश कमी. तिने काच पुसून पुन्हा पाहिलं. तेच. इतक्या वर्षांची तिची विद्या इंदिराबाईंच्या बादलीतून आली होती.

"काही चुकलं का हो माझं?" इंदिराबाईंचा आवाज एवढासा झाला.

"पाणी द्या," एवढंच निरुपमा म्हणाली, आणि ते शब्द ऐकून तिचं तिलाच कसंसं झालं.

सोमवारी बैठकीत तिने सगळं सांगून टाकलं. घरबांधणी खात्याचे मोठे साहेब म्हणाले, "चालशे, बेन, चालशे! चालेल की. फाइल वर गेली. लोकांना सांगू पाणी मारायला."

हा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता.

"साहेब, तिथे प्यायला टँकर येतो," ती म्हणाली, आणि आपला नकाशा उचलून बाहेर पडली. त्याच संध्याकाळी तिने आपल्या मार्गदर्शकांना कळवलं, की प्रबंधातले आकडे खोटे आहेत.

पुढच्या वैशाखात ती पुन्हा हरणीला गेली. यापुढे फोन करायचा नाही असं ठरवूनच. इंदिराबाईंनी दार उघडलं; बादली कोरडीच होती. दोघी घामाने निथळत तापमापकाशी बसल्या. न राहवून निरुपमाने कोपऱ्यातला विणलेला पंखा उचलला.

"ठेवा तो खाली," इंदिराबाई म्हणाल्या. "तापमापकाला वारा लागेल."