सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या
जळक्या वायरीचा वास आला की बिडकीनच्या माझ्या दुकानातली एक दुपार आठवते. नाथसागरावर मासे धरणाऱ्या एका बाईनं नावेची मोटर दुरुस्तीला आणली होती. आतल्या वायरी तडकलेल्या, जोडांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. मी सगळ्या नव्या टाकल्या आणि नेहमीप्रमाणं जुन्या वायरी तांबं काढायला दुकानामागं पेटवल्या. दोरी ओढताच मोटर सुरू झाली. बाई खुलली. "लई बेस झालं, भाऊ. जुन्या वायरी तेवढ्या द्या. त्या पट्ट्या आमच्या मालकांनी गुंडाळल्या व्हत्या. अवंदाच वारले ते." मी धुराकडं पाहिलं, मग तिनंही. "जाऊ द्या," तीच म्हणाली, "तुम्हाला काय ठाव." आजही जुनी वायर काढली की मी विचारतो, "न्यायची का?" गिऱ्हाईक हसतं, पण उत्तर येईपर्यंत मी काडी ओढत नाही.