आठ मिलिमीटर

मीटरचा काटा हलल्याशिवाय वायरमध्ये करंट आहे हेसुद्धा मी मानत नाही, मग भूतबीत तर लांबच. तरी हे लिहितोय, कारण यातलं जे आहे ते मोजलेलं आहे… आणि मोजणारा मीच होतो.

लोडशेडिंगच्या वर्षांतली गोष्ट. चंद्रपूरला आमच्या हॉलमध्ये माशांची काचेची टाकी होती, नव्वद सेंटिमीटर लांब, तीस रुंद. इथल्या उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं, म्हणून मी घरीच एक कंट्रोलर जोडला. तापमानाचा सेन्सर आणि पाण्यावर तरंगणारे दोन फ्लोट स्विच. पाणी उतरलं की खालचा फ्लोट शेजारच्या पाण्याच्या ड्रममधला पंप सुरू करायचा. पाणी काचेवरच्या खुणेच्या पाच मिलिमीटर वर गेलं की वरचा फ्लोट पंप बंद करून बझर वाजवायचा. बझर बॅटरीवर.

त्या पावसाळ्यात बायकोचा धाकटा भाऊ विनायक मला चिमूरकडच्या एका तळ्यावर घेऊन गेला. तो वरोऱ्याला जीप चालवायचा, आणि गळाचा भारी शौकीन. मरळ मासळी आपली पिल्लं राखते. वर लाल पिल्लांचा घोळका, खाली ती. तळ्यावर जगणारी माणसं अशा मरळीला हात लावत नाहीत. विनायकनं नेमकी तीच काढली, आणि पिल्लं माझ्या तेव्हा मासे नसलेल्या टाकीसाठी डब्यात भरली.

काठावर जाळं धूत बसलेल्या गिरजाबाई ओरडल्या, "पोरांवरची मरळ धरत नसते, भाऊ! ज्या हातानं काढली त्या हाताच्या मागं लागते ते."

"मंग तिले सांगा, मी वरोऱ्याले राह्यतो," विनायक हसला.

घरी मी मरळ ताणकाट्यावर तोलली. दोन किलो दीडशे ग्रॅम. माझा शनिवार होता, बायकोनं ताटाला हात लावला नाही. विनायकनं एकट्यानं खाल्ली.

पुढच्या खेपेला तो हॉलमध्ये शिरला आणि बझर वाजला. मला वाटलं, पंप अडकला. पण ड्रममधलं पाणी होतं तेवढंच होतं… टाकीतलं मात्र वर चढलेलं. तो अंगणात गेला, पाणी खाली आलं. परत आला — बझर.

"काऊन जी भाऊजी, तुमची मशीन बी मले पाहून बोंबलते का?"

मी काचेवर पट्टी लावली. आठ मिलिमीटर. नव्वद गुणिले तीस गुणिले शून्य पूर्णांक आठ… दोन लिटर एकशे साठ. टाकीत काहीतरी उतरत होतं, आणि त्याचं आकारमान त्या मरळीएवढं होतं. पिल्लंही वर एका बाजूला दाटून उभी होती, खाली हातभर जागा मोकळी सोडून.

बायकोला सांगितलं. तिला एकच भाऊ. ती त्याच्या मागेच लागली, "विन्या, पोरं तळ्यात सोडून ये. तुह्या हाताले काही झालं तं जीप कोन चालवन?"

"सोडतो ना, गळाले लावून सोडतो! मोठी मरळ यावरच येते," म्हणत त्यानं बाही वर सारली.

भर दुपार होती, लाइट गेलेली. तरी मी प्लग काढून हातात धरला होता. त्याचा हात पाण्याला लागायच्या आत बझर वाजू लागला. "थांब!" मी म्हणालो. त्यानं हात घातला… आणि किंचाळला.

डॉक्टरांनी तळव्यावरची दातांची अर्धगोल रांग पाहून विचारलं, "कोणता मासा?" टाकीत नखाएवढ्या पिल्लांशिवाय काहीच नव्हतं. जखम भरली, पण बोटं मिटेनात. जीप चालवणं सुटलं.

पिल्लं मी स्वतः तळ्यात नेऊन सोडली. गिरजाबाई म्हणाल्या, "पोरं देल्ली, बरं केलं. पन तिचा जीव कुठी परत भेटला?"

त्यानंतर आमचा बझर विनायकसाठी कधी वाजला नाही. पट्टी लावून पाहिली, पाणी खुणेवरच. मला वाटलं, संपलं.

मग भाऊबीजेला त्याची बायको सहज बोलून गेली, "यायले आता बादली भरून देता येत नाई, भाऊजी. हे न्हानीत गेले का पानी आपसूकच सांडते."

विनायक खाली मान घालून डाव्या हातानं जेवत होता. किती सांडतं, ते मी विचारलं नाही. आजवर मला याचा उलगडा झालेला नाही… आणि ती बादली मोजायची माझी हिंमतही नाही.