हौसाने चहा सोडला

गागोदे बुद्रुकला हौसाच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घेऊन ती पेणच्या बाजारात बसे, आणि पापडांच्या दुप्पट तिच्या बातम्या खपत.

सून दिशा हिला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा दुपारपर्यंत गावाला आणि दिवेलागणीपर्यंत निम्म्या बाजाराला कळलं होतं. दीड महिन्यात ते पोटातलं गेलं. दुसऱ्या खेपेला हौसाने फक्त आळीत सांगितलं. तेही गेलं. तिसऱ्या खेपेला शेजारच्या धोंडुबाईला तेवढं सांगितलं, आणि अडीच महिन्यांत तेही गेलं. त्यानंतर आठ दिवस दिशा मागच्या दारी बसून वालाच्या शेंगा सोलत होती. सोललेले दाणे पुन्हा पुन्हा निवडत होती. हौसाही तिच्या शेजारी बसून सोलत राहिली. हे आपल्या जिभेनं केलं, असं तिनं तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं.

दिशाचं माहेर रोह्याचं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि थायरॉईडचं दुखणं निघालं. गळ्यात एक ग्रंथी असते, ती हिची मंद चालते, असं त्या म्हणाल्या. पोटाचं दुखणं गळ्यात कसं, असं हौसाने विचारलं. तेव्हा, मोटार विहिरीवर असते आणि पाणी शेताला जातं, तसंच हे, असं त्यांनी समजावलं. हे एक कारण असू शकतं आणि याला औषध आहे. कुणाच्या बोलण्यानं गर्भ पडत नाही, हेही त्यांनी बजावून सांगितलं. हौसाने मान डोलावली. बिघाड गळ्यात आहे हे तिला अगदी पटलं होतं. गळा कुणाचा, एवढाच काय तो मतभेद होता.

चार महिने दिशा गोळ्या घेत माहेरी राहिली. रक्तातला आकडा जागेवर आला, आणि सासरी परतल्यावर दोन महिन्यांत तिला चौथ्यांदा दिवस गेले. हौसाने ग्रामदेवीपुढे नारळ ठेवला आणि शपथ घेतली, की पाचवा महिना सरेपर्यंत माणसाला अवाक्षर सांगणार नाही.

खरी पंचाईत चहाची झाली. दिवस गेल्यापासून गोळी पहाटे उपाशीपोटीच घ्यायची आणि मग तासभर पोटात काही जाऊ द्यायचं नाही. नेमक्या त्याच तासात आळीतल्या बायका हौसाच्या पडवीत चहाला जमत. दिशाने कप परत केला असता तर तिथल्या तिथे बोटांवर महिने मोजले गेले असते. म्हणून हौसाने शक्कल काढली. शपथेनंतरच्या पहिल्याच सकाळी तिनं बायकांना चहा दिला आणि म्हणाली, आम्ही सासूसुनांनी चा सोडलाय, पित्त होतं.

दिशाच्या चहाकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. पण हौसाने चहा सोडला? कुंडलिका नदी उलटी वाहायला लागली असती तरी धोंडुबाई एवढी दचकली नसती.

मग धोंडुबाईने एकेक गोष्ट जोडायला घेतली. हौसा चहा घेत नाही. हौसा बोलत नाही, बोलता बोलता मध्येच पदर तोंडाला लावते. कनवटीला गोळ्यांची बाटली असते. दर महिन्याला सुनेला सोबत घेऊन गुपचूप रोह्याला जाते. धोंडुबाईचा भाचा निकेश रोह्याला टेम्पो चालवतो. त्यानं हौसाला बायकांच्या दवाखान्याच्या बाकावर मांडीवर फाईल घेऊन बसलेलं स्वतः पाहिलं होतं. दिशा तेव्हा आत रक्त देत होती, पण ती काही टेम्पोतून दिसत नव्हती.

आठवड्याभरात गावभर झालं, की हौसाला चोपन्नाव्या वर्षी दिवस गेलेत. घेर तर तिला आधीपासूनच होता.

तिच्या नवऱ्याला, पुंडलिकला, हे भाताच्या गिरणीवर कळलं. तो लालबुंद होऊन घरी आला आणि आत्ताच्या आत्ता गावाला खरं सांग म्हणाला. मुलगा रितेश डोलवीच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेला. तिथेही कुणीतरी त्याला लहान भावाबद्दल विचारलं होतं. भाकरीचा तुकडा हातात धरून तो नुसता बसून राहिला.

हौसा शांत होती. "घरात बायका दोन," ती म्हणाली. "माझं नाय म्हटलं, तर मंग कोणाचं?"

रितेशने हातातला तुकडा तोंडात घातला.

दिशाला मात्र राहवेना. "आई, लोक हसतात तुम्हाला. सांगून टाका."

"हसू दे गो. माझ्यावर नजर पडली तर माझं काय पडणार हाय? दात?"

दिशा हसली. वर्षभरात पहिल्यांदा, पोट धरून. हौसाने घाबरून तिला खाली बसवलं आणि पुन्हा असं हसायचं नाही अशी ताकीद दिली.

पुढच्या मंगळवारी पुंडलिक मिशीला कलप लावून आला. गिरणीवर कुणी डोळा मारला, की तो आता नुसता खाकरायचा.

तिसरा महिना सरला. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि पुढच्या तपासणीत थायरॉईडचा आकडा एकदम चढला. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि कपाळाला आठी घातली. दिशाने खुर्चीचा हात घट्ट धरला. हौसाचा बांध फुटला.

"बाई, माझी चूक हाय. मी सांगितलं."

"कोणाला?"

"म्हशीला."

शपथ माणसाला न सांगण्याची होती, पण गोष्ट दाबून दाबून हौसाचं पोट फुगायला लागलं तेव्हा गोठ्यात तिला मोकळं व्हावं लागलं होतं. डॉक्टरीणबाईंनी म्हशीची बाजू पूर्ण ऐकून घेतली. मग गोळ्या कशा देता, असं विचारलं. हौसा अभिमानाने म्हणाली, तिन्ही एकदम, पहाटे. एकटी गोळी वाट चुकेल, सोबतीनं गेल्या तर नीट पोचतील.

सोबतच नडली होती. लोह आणि कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला अंगी लागू देत नाहीत; मध्ये चार तास तरी जायला हवेत. डॉक्टरीणबाईंनी डोस थोडा वाढवला आणि म्हशीला निर्दोष सोडलं. त्या दिवसापासून पहाटे पहिली गोळी, दुपारी जेवणाची भांडी घासून झाली की दुसरी, रात्री निजताना तिसरी, असा पहारा हौसाने बसवला. महिन्याने आकडा उतरला.

पाचवा महिना सरला त्या दिवशी रोह्याला सोनोग्राफी झाली. ठोके ऐकताना हौसाने श्वास धरून ठेवला होता. आपल्या आवाजानं ते बुजायला नकोत.

दुसऱ्या सकाळी धोंडुबाई तीन बायका घेऊन दारात उभी. हातात खण, नारळ, तांदूळ आणि चिंचेचा गोळा. पाचव्या महिन्याच्या सुमारास गाजावाजा न करता घरातल्या घरात भरतात ती चोरओटी. या वयात बिचारीची कोण भरणार, म्हणून आळीने वर्गणी काढून खण आणला होता. धोंडुबाईने पाट मांडला. "बस गो हौसा. लाजू नको. आम्ही काय परक्या हाव?"

हौसाने तोंड उघडलं. पाच महिने साठवलेलं सगळं जिभेवर आलं होतं, पण ते तिथेच ठेवून ती वळली. तिनं आत जाऊन दिशाला हाताला धरून आणलं आणि पाटावर बसवलं.

धोंडुबाई नारळ धरून उभीच. "म्हंजे तू नाय?"

"मी नाय."

"पाच महिने तू मला सांगितलं नाय?"

"नाय."

धोंडुबाईचे डोळे भरून आले. दिशासाठी की स्वतःसाठी, ते तिलाच ठाऊक. तिनं ओटी भरली, खण नीट सारखा केला, आणि मग हलकेच म्हणाली, "बिचाऱ्या पुंडलिकभावजींनी मिशी काळी केली गो."

दिशाला दिवस भरून मुलगी झाली, रोह्यालाच. त्या आठवड्यात पेणच्या बाजारात हौसाचा एकही पापड खपला नाही. बोलण्याच्या नादात ती भाव सांगायचीच विसरली. खरं काय ते आता सगळ्यांना माहीत आहे. तरी गावात कुणी पोरीला कडेवर घेतलं, की हौसाची का गो ही, असं विचारतं. हौसा व्हय म्हणते, आणि चहाचा कप पुढे करते.