वीतभर लांबीची शिट्टी

रविवार, संक्रांतीनंतरचा पहिला. गच्चीवर हजर: वडील, मी आणि दिंडोरी रोडवर फवारणी पंप दुरुस्त करणारे मिस्त्री.

वडील पूर्वी मनमाडला वाफेचं इंजिन चालवायचे. आता त्यांनी हातभर लांबीचं, खरोखर वाफेवर धावणारं इंजिन बनवलंय. शिट्टी तेवढी जमेना, म्हणून मी मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्री कोणताही भाग आधी नखाने वाजवून कानाशी धरतात, मगच पान्याला हात लावतात. त्यांनी पेराएवढी पितळी शिट्टी बसवली. वडिलांनी खटका दाबला. मी दचकले. वडील हसून म्हणाले, "छान वाजते हो!"

मी कामांच्या यादीत शिट्टीपुढे 'झालं' अशी खूण केली. मिस्त्री मात्र वडिलांकडेच पाहत होते. वडिलांची पाठ वळल्यावर त्यांनी पुन्हा शिट्टी वाजवली. वडील वळलेच नाहीत.

"बाबांना बारीक आवाज येत नाय ताई," ते हळूच म्हणाले. "नळी लांब पायजे, मंग आवाज जाड निघंल." इंजिन निवल्यावर त्यांनी शिट्टी काढून खिशात टाकली. एका घरात राहून मला हे कळलं नव्हतं.

गुरुवारी त्यांनी वीतभर नळी आणून इंजिनाच्या पोटाखाली तारेने बांधली. या वेळी आवाज घुमला आणि वडील ओरडले, "अरे, वाजली!"

"आता बाबा खरं बोलले," मिस्त्री म्हणाले.

तार काढून पक्की पट्टी बसवायची अजून राहिली आहे. त्यासाठी इंजिन थंड व्हायला हवं, आणि वडील ते होऊ देत नाहीत.