लाथ मागायला आलेल्या काकू

पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या माणसाच्या लाथेनं कंबर मोकळी होते, असं आपल्याकडे मानतात. मी पायाळू आहे, पण फिजिओथेरपिस्टही आहे.

आज दवाखान्यात कुरुंद्याच्या एक काकू आल्या. तीन वर्षांची कंबरदुखी. मालिश झाली, हाडवैद्याचा झटका झाला. दोन्हींनी आठ-दहा दिवस बरं वाटलं. मी तपासायला लागले, तर म्हणाल्या, "हात नको, पोरी. लाथ हाण. त्याच्यासाठीच तर डाक्टरसायबांनी तुझ्याकडं धाडलं."

"काकू, मी हे शिकून आलेय."

"शिकलेल्या लई हायेत. पायाळू कुठं भेटती?"

त्यांना डाव्या पायाचा अंगठा वर उचलता येत नव्हता. नस दबली असावी. अशा कंबरेवर लाथ सोडाच, जोराची मालिशही धोक्याची. मी ज्यांच्या दवाखान्यात नोकरी करते, त्या डॉक्टरांनी मात्र काकूंना न तपासताच, मी पायाळू आहे असं सांगून माझ्याकडे पाठवलं होतं.

नांदेडच्या मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा म्हटलं, तर काकू दुसरा पायाळू शोधायला निघाल्या. शेवटी मीच म्हणाले, "पायाळू म्हणून सांगते, या कंबरेला कोणाचा पाय लागू देऊ नका. उद्याच नांदेडला जा."

"व्हय, मग जाते."

काकूंवर माझा राग नाही. पण स्वतः डॉक्टर असलेल्या माणसानं माझ्या शिक्षणाऐवजी माझ्या जन्माची जाहिरात करावी? तुम्ही असता, तर उद्या तिथे कामाला गेला असता का?