चौघींपुरतं खुराडं

कोळवण खोऱ्यातल्या सारजाबाईनं पुन्हा कोंबड्या पाळायचं ठरवलं, पण त्या वर्षी एकही आणली नाही. आदल्या पावसाळ्यात मुंगसानं तिच्या पाचही कोंबड्या एकेक करून नेल्या होत्या. नुसत्या पुन्हा आणल्या, तर मुंगसालाच पोसल्यासारखं होईल, असं तिचं म्हणणं. मीठ-तेलापुरते तरी पैसे आपल्या हातचे असावेत, एवढंच तिला हवं होतं.

नवरा कोंडाजी हसायचा. "कोंबडीचा कसला आलाय इचार? अंगणात सोडली की किडं खाती."

"अन् आखाडात? आठ-आठ दिस पाऊस उघडत न्हाई, तवा काय खाती?"

शेजारच्या धोंडाबाईनं उभी हयात कोंबड्या पाळल्या होत्या. दहा पिल्लांतली किती जगतात, असं सारजाबाईनं तिला विचारलं. म्हातारीनं तीन बोटं दाखवली. मग सारजाबाई चिंचोके मांडून बसली. रोजची कणी, रोजचा कोंडा, पावसाचे चार महिने. पाच कोंबड्या धरल्या की कणी श्रावणातच संपे. चार धरल्या की पुरे.

वर्षभर तिनं लोकांचं भात कांडलं आणि मिळालेली कणी मडक्यात भरली. गवत कापून दीड रुपया जमवला, कोंबडीमागं सहा आणे. खुराडं स्वतः बांधलं, कमरेएवढ्या मेढींवर, कारवीच्या कुडाचं. मेढींना बाभळीचे काटे आवळले.

फाल्गुनात दोघं पौडच्या बाजाराला गेली. धरणाच्या पाण्यात जाणाऱ्या गावांतली माणसं मिळेल त्या भावानं चीजवस्तू विकत होती. तुकाबाई नावाची एक बाई डालग्यात आठ कोंबड्या घेऊन बसली होती.

"दोन रुपयांत आठी ने," ती म्हणाली. "आमचाच ठिकाना न्हाई, ह्यांना कुटं ठिवू?"

दीड रुपयाचे दोन करायला कोंडाजीनं कमरेची आठ आण्यांची अधेली काढली. "घे समद्या. असा भाव पुन्यांदा घावायचा न्हाई."

सारजाबाई कोंबड्यांकडं बघत राहिली. आठही धडधाकट होत्या. "चौघींचीच जागा हाय," ती म्हणाली, आणि तिनं तुकाबाईच्या हातावर दीड रुपया ठेवला.

"चौघींचा रुपयाच व्हतो, बाई."

"मी सहा आनं धरून आले व्हते. तेवढंच देनार."

तुकाबाईनं पैसे पदरात बांधले. मग काढून दिलेल्या चौघींतली एक परत घेऊन तिनं डालग्यातली तांबडी पुढं केली. "ही ने. मारकी हाय, पन पिल्लांना घार शिवू देत न्हाई."

कोंडाजीनं अधेली पुन्हा कमरेला खोचली आणि तो पुढं चालू लागला.

कणी गौरी-गणपतीपर्यंत पुरली. पुढल्या उन्हाळ्यात गावात कोंबड्यांची मर आली, तेव्हा सारजाबाईनं आपल्या महिनाभर कोंडून ठेवल्या. एक गेली, तीन राहिल्या. तांबडीच्या अकरा पिल्लांतली सात वाढली.

एका सकाळी कोंडाजी न सांगता रानात गेला आणि कारवीचा भारा घेऊन आला. "किती रुंद करायचं?" त्यानं विचारलं. सारजाबाईनं अंगणात बसून हातानं माप घेतलं, आणि रेघ ओढली.