दोघांच्या फोटोला एक हार

माझा नवरा गेल्याची, सोलापूरच्या पेपरात फोटोसकट छापलेली बातमी दारात आली, तेव्हा तो आमच्या अंगणात न्हाव्यापुढं बसून दाढी करून घेत होता. पुढं तो चांगला म्हातारा होऊन, नातवंडांना चिमटे काढत गेला, म्हणून हे आज हसत सांगता येतं. त्या दिवशी मात्र मला पेपरवाल्यांचा असा राग आला होता की समोर सापडले असते तर लाटणं घेऊन मागं लागले असते.

या सगळ्याला कारण एक फोटो. धाकटे भावजी फौजेत होते. एकदा रजेवर आले तेव्हा दोघे भाऊ सोलापूरला गेले आणि स्टुडिओत फोटो काढून आले. मागं रंगवलेला राजवाडा आणि त्याच्या जिन्यावर मोर. भावजी गणवेशात खुर्चीवर ताठ बसलेले, आणि माझा नवरा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा. त्याच्या अंगात स्टुडिओचाच कोट होता. तो अर्ध्या सोलापूरनं घातलेला असणार, कारण बाह्या कोपरापर्यंत आल्या होत्या. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तो फोटो जिवापाड प्यारा. देवांच्या शेजारी खिळा ठोकून तो लावला आणि सणासुदीला मी देवांआधी त्याची काच पुसते की नाही यावर त्यांचं लक्ष असे.

माझं माहेर इंग्रजी मुलखात आणि सासर मोगलाईत, नळदुर्गाच्या बाजूला. बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट, पण मधे निजामाची हद्द आणि हद्दीवर करोडगिरीचा नाका. माहेरून येताना लुगड्यांचं गाठोडं सोडून दाखवल्याखेरीज नाकेदार सोडत नसे. एकदा तर त्यानं आईनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू तपासता तपासता तीन खाल्ले आणि म्हणाला, यांना जकात नाही. भावजी सोलापूरला जाऊन भरती झालेले, म्हणून त्यांची पत्रं माझ्या वडलांच्या पत्त्यावर येत आणि तिथून कुणाच्या तरी पिशवीतून आमच्याकडं पोचत.

मग इंग्रज गेले. तिकडं तिरंगा लागला आणि आमच्याकडं निजाम तसाच राहिला. भावजींची पलटण काश्मीरला गेली आणि तिथंच त्या हिवाळ्यात ते पडले. तार माझ्या वडलांना आली. पण तेव्हा नाक्यावर बंदूकवाले बसलेले, गावोगाव रझाकार फिरत होते. तिकडच्या फौजेत आमच्या घरचा मुलगा आहे हे कळणंसुद्धा धोक्याचं. वडलांनी कासारणीकडून निरोप पाठवला. ती माझ्या हातात बांगड्या चढवता चढवता कानाशी बोलली, आणि नव्या बांगड्या घातलेल्या हातानं मी ओसरीचा खांब धरून उभी राहिले.

आमच्यात माणूस गेलं की घरात चूल पेटत नाही. सोयरेधायरे पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना बळंच दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. तो खाल्ला की माणूस गेलं हे घरानं मान्य केलं असं धरतात. आमच्या घरी त्या दिवशी चूल पेटली, कारण धूर दिसला नसता तर शेजाऱ्यांनी विचारलं असतं. मी गरज नसताना जात्यावर बसले आणि त्याच्या घरघरीत रडून घेतलं. नवरा गोठ्यात जाऊन रडला. आत्या रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "कासारनीच्या सांगन्यावर माझं लेकरू मरतंय व्हय? डोळ्यानं कुणी बघितलंय?" आणि सुपातली ज्वारी पाखडत बसल्या.

तेव्हापासून भावजी आमच्या घरात गेलेलेही नव्हते आणि असलेलेही नव्हते. आत्या दिवाळीला त्यांच्या वाटचं उटणं वेगळं काढून ठेवत. फोटोला हार घालायचं कुणी नाव काढलं नाही. हार घातला की संपलं, हे न बोलता सगळ्यांना कळत होतं.

निजामाचं राज्य गेलं, रझाकार गेले, नाक्यावरचा लाडूखाऊ नाकेदारही कुठं गेला कुणास ठाऊक. भावजींचं आता गावालाही कळलं होतं. राज्य गेल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात गावात दवंडी पिटली. हैदराबादेहून मोठे पुढारी धाराशिवला येणार आहेत, वाटेत आमच्या गावी थांबून फौजेत कामी आलेल्या जवानाला मानवंदना देणार आहेत, आणि पेपरवाले सोबत आहेत. गाव नुसतं उधाणलं. चावडी सारवली. पाटलांच्या घरची जी खुर्ची पूर्वी तालुकदारसाहेबांसाठी काढत, तीच पुसून बाहेर आली. तोरण तेच, हलगीवाले तेच. फक्त झेंडा नवा होता आणि तो कुठल्या बाजूनं वर धरायचा यावर सकाळी बराच वाद झाला.

मग पाटील फोटो मागायला आले. आत्या म्हणाल्या, न्हाय. मीही आतून म्हणाले, न्हाय. आमचं दोघींचं एरवी विळ्या-भोपळ्याचं सख्य. भाजीत मीठ किती यावरही कधी एकमत झालं नाही. त्या दिवशी मात्र दोघी एकाच बाजूला, कारणं तेवढी वेगळी. त्यांना थोरला-धाकटा कुणालाच हार नको होता. मला माझ्या नवऱ्याच्या गळ्यात नको होता. जित्या माणसाच्या तसबिरीला हार घालणं म्हणजे काय ते मी पाटलांना जरा तिखट शब्दांतच सांगितलं.

पाटील बिचारे घाबरले. फोटो नसेल तर साहेब हार घालणार कशाला, खुर्चीला? कुणीतरी शहाणपण सुचवलं की कात्रीनं धाकट्याचा भाग वेगळा करावा. आत्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो गृहस्थ चपला शोधू लागला. त्या म्हणाल्या, "दोघा भावांत कात्री घालायला सांगतूस मला?" आणि कापला असता तरी भावजींच्या खांद्यावर माझ्या नवऱ्याचा हात तसाच राहिला असता. नवरा तर तिथं उभा राहून हसत होता. मला म्हणाला, हारानं मी मरत न्हाय, तुझ्या बोलन्यानं मरंन.

शेवटी तोडगा निघाला. फोटो टेबलावर ठेवायचा, पण हार त्याच्या पायाशी ठेवायचा, वर चढवायचा नाही. माझ्या नवऱ्याच्या अर्ध्या भागावर मी माझा नवा खण पदरासारखा सोडणार. पाटलांनी भंडारा उचलून शब्द दिला. त्यांनी साहेबांनाही सांगून ठेवलं होतं, यात शंका नाही. पण पुढाऱ्यांचे हात म्हणजे हाराला सरावलेले. हार हातात आला की तो कुणाच्या तरी गळ्यात जाणारच.

जीप दुपार टळल्यावर आली. साहेब चांगले होते, थकलेले होते, आणि त्यांचं मराठी आमच्या कानाला जरा उर्दू वाटलं. त्यांनी दोन वाक्यांत भावजींचा पराक्रम सांगितला, जो त्यांना ठाऊक नव्हता आणि आम्हालाही नव्हता. मग हार उचलला. तेवढ्यात सोलापूरचा फोटोवाला पुढं आला. खणाची जर चकाकते, फोटो बिघडेल, असं म्हणून बातमीदारानं तो खण उचलून बाजूला ठेवला. साहेबांनी हार सरळ चौकटीवर चढवला. भक्कन उजेड पडला. साहेब हात जोडून मागं सरतात न सरतात तोच आत्या उठल्या, टेबलाशी गेल्या आणि त्यांनी हार काढून घेतला. साहेबांनी हे पाहिलं. आत्यांना वाकून नमस्कार केला आणि जीपमध्ये बसले. हा भाग कुठल्याच पेपरात आला नाही.

पेपरात जे आलं ते आमच्याआधी माझ्या माहेरी पोचलं. आमच्याकडं पेपर मोटारीनं दुसऱ्या दिवशी यायचा, तिकडं सकाळीच. "वीर बंधूंना मानवंदना," असं मोठ्या अक्षरात, आणि खाली फोटोत दोघा भावांच्या गळ्यात मिळून एक हार. बातमीदारानं पुढं लिहिलं होतं, दोन्ही पुत्र देशाला दिलेल्या वीरमातेच्या नेत्रांतून अश्रुधारा वाहत होत्या. वीरमातेचे नेत्र त्या वेळी साहेबांच्या चिखलाच्या बुटांकडं लागले होते, कारण चावडी तिनंच सारवली होती. पण एवढं कोण लिहितो.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा अंगणात, अर्धा गाल साबणानं पांढरा, न्हावी वस्तरा परजतोय, आणि वेशीकडून रडण्याचा आवाज आला. बैलगाडी होती. गाडीत माझी आई, मावशी, वडील, आणि मधे झाकलेल्या दोन टोपल्या. आई गाडीतूनच माझं नाव घेऊन हंबरडा फोडत होती. मला वाटलं, माहेरी कुणी गेलं. मी पिठानं भरल्या हातांनी धावत बाहेर आले. आईनं मला मिठी मारली, माझ्या खांद्यावरून अंगणात पाहिलं आणि एकदम गप्प झाली. नवरा उठला, साबण लागलेल्या तोंडानंच सासऱ्यांच्या पाया पडला.

"जावईबापू, तुम्ही हाय व्हय," वडील म्हणाले आणि गाडीच्या चाकाला टेकून बसले.

मग पेपर निघाला, वाचून दाखवला गेला. न्हावी सगळ्यांत जास्त हसला. मी बातमीदाराच्या सात पिढ्या काढल्या. वडलांना मी विचारलं की तुम्ही असा कसा विश्वास ठेवला, माझ्याकडून निरोप नाही, काही नाही. ते हळूच म्हणाले, "मागच्या खेपंला तरी निरोप कुठं देता आला कुणाला? तुम्ही चोरून रडलाव. आन् मी नाक्याला भिऊन आलो न्हाय. ते मनात राहिलं हुतं, पोरी. ह्या खेपंला म्या थांबलो न्हाय."

हसणं तिथं थांबलं. आता प्रश्न टोपल्यांचा होता. मावशीनं फडकं सारलं तर खाली पिठलं, भाकरी, वर मिरचीचा ठेचा. कडू घासाचं अन्न परत घरी न्यायचं नसतं. आणि ज्या घरात कुणी गेलेलं नाही, तिथं ते खायचंही नसतं. मावशी म्हणाली, गाईपुढं घाला, अपशकून टळंल. मी टोपली उचलायला वाकले.

आत्या इतका वेळ उंबऱ्यावर बसून होत्या. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "गाईला नको. वाढ," त्या म्हणाल्या. "धाकट्याचं राहिलंय."

मी ताटं घेतली. ओसरीवर आम्ही सगळे ओळीनं बसलो, नवरा अर्ध्या दाढीनिशी. माझ्या आईनं आत्यांच्या शेजारी बसून भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि त्यांच्या तोंडाशी धरला. रीतीप्रमाणं आत्यांनी मान फिरवली. आईनं रीतीप्रमाणं आग्रह केला. मग त्यांनी तोंड उघडलं आणि तो घास खाल्ला. चावता चावता त्या रडायला लागल्या, मोठ्यानं, तोंडात भाकरी तशीच. दोन वर्षांचं रडणं होतं ते. शेजारपाजार गोळा झाला, आणि या वेळी कुणाला काही लपवायचं नव्हतं. मीही रडले, जात्यावर न बसता.

दुपारी माहेरची माणसं परत निघाली. न्हावी राहिलेली अर्धी दाढी करून गेला. मी भांडी घासत होते तेव्हा आत्या आतून म्हणाल्या, परवाचा हार खुंटीवर ठेवलाय, तो आण. तो सुकून गेला होता, शेवंतीच्या पाकळ्या हातात गळत होत्या. मी तो देवांजवळच्या फोटोला घालायला गेले आणि थबकले. चौकट एक, खिळा एक, आणि आत दोघे.

त्यांना माझी अडचण दिसली असावी. त्या उठून आल्या, माझ्या हातातून हार घेतला आणि भावजींच्या बाजूच्या कोपऱ्याला अडकवला. मग माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर आलेलं हाराचं टोक बोटानं भावजींकडं सारून दिलं.

"ह्यो तुझा," त्या म्हणाल्या. "सांभाळ."